नवऱ्याला तर नाहीच

— छे हो, व्हायरस कसला! ती खुर्ची नको, डुगडुगते, इकडे बसा. तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीवाले, तुमच्यापासून काय लपवायचं — कुलूप लागलंय, बाकी काही नाही. चुकीचा पासवर्ड पडला, पुन्हा पडला, मग मशीनच रुसलं. कोणी टाकला म्हणता? आता माझ्या टेबलावर भूत थोडंच येऊन बसतंय? मीच टाकला.

तुम्हीच ना मध्यंतरी येऊन सगळ्यांना बंदी घालून गेलात — घड्याळ बदलायचं नाही, प्रिंटर जोडायचा नाही, पडद्यावरचं चित्रसुद्धा हलवायचं नाही? त्याआधी इथे कोणाचं काही अडलं की हाक मलाच. ‘जरा बघता का?’ — की निघालो मी. कोणाची अक्षरं मोठी करून दे, कोणाचा आवाज बंद करून दे. हां, एकदा माझ्या हातून साऱ्या ऑफिसचे प्रिंटर मुके झाले, नाही म्हणत नाही. पण म्हणून साहेबांनी किल्ली — तुमचा तो पासवर्ड हो — कोणाच्या हातात द्यावी? हिशेबाच्या मॅडमच्या! त्या बघा, खिडकीपाशी, निळ्या स्वेटरमधल्या — तुम्हाला काय दाखवायचं म्हणा, तुम्ही चांगलं ओळखता. आमची मंडळी ती. हो हो, लग्नाची बायको माझी. ठाऊक नव्हतं? तिने सांगितलं नाही? — बरं.

आता मला साधं घड्याळ पुढे करायचं असलं तरी भर ऑफिसात म्हणायचं, ‘मॅडम, जरा येता का?’ मॅडम येणार, म्हणणार, ‘तिकडे बघा’ — आणि मी सगळ्यांदेखत भिंतीकडे तोंड करून उभा, मागे टकटक टकटक. ज्यांची अक्षरं मी मोठी केली तीच माणसं आता तिच्याभोवती, मॅडम हे बघा, मॅडम ते बघा. आणि तिला सगळं येतं हो! तेच तर.

घरी विचारलं. कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, ‘मला तरी सांग.’ म्हणते, ‘कोणालाच सांगायचा नाही.’ ‘नवऱ्याला पण?’ ‘नवऱ्याला तर नाहीच!’ आणि हसली. पण ते हसणं वेगळं, आणि तुमच्याशी फोनवर बोलताना हसते ते वेगळं. काय सांगता हो एवढं? सेटिंगच ना? — कॉम्प्युटरचं म्हणतोय मी, कॉम्प्युटरचं! त्यात एवढं हसण्यासारखं काय असतं?

म्हणून आज ती डबा धुवायला गेली आणि मी बसलो. काय काय टाकलं, हे सांगायलाच हवं? — आधी माझं नाव. म्हटलं, दुसरं काय असणार! नाही. मग लग्नाची तारीख. नाही. मग लेकीचं नाव. ते निघालं असतं तर वाईट वाटलं नसतं. तेही नाही. मग... मग तुमचं. हो, तुमचं नाव टाकलं. आणि कुलूप पडलं — इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, चला, हेही नाही.

काय? नावं चालतच नाहीत? नुसती वेडीवाकडी अक्षरं, मध्ये आकडे — आणि ती तुम्हीच बनवून दिलीत? आणि लिहून ठेवायची नाहीत? म्हणजे तिने पाठ केला. तुम्ही दिलेला.

माझा फोन नंबर तिला अजून पाठ नाही हो.

करा, करा तुमचं काम. मी काही बोलत नाही आता.