तीन बोटांची जागा

मी मूळची राजापूरकडची, मढची नव्हे, हे आधी सांगते, कारण इकडे सगळे मला घोडेवाली बाय म्हणून ओळखतात नि त्यांना वाटतं मी घोड्यावर बसूनच जन्माला आले. लग्न होईपर्यंत मी घोडा जवळून बघितलेला पण नव्हता. बापाकडे बैलाची एक जोडी होती, त्यांचं शेणगोठा, पाणी, सगळं माझ्याकडे, आणि आत्या सुईण होती, तिच्या हाताखाली मी बाळंतपणं शिकले. मग लग्न झालं नि इकडे आले. माझा घोव एका साहेबाच्या बंगल्यावर मोतद्दार होता, म्हणजे घोड्याला खरारा करायचा, दाणा द्यायचा, फिरवून आणायचा, आणि घोड्याशी बोलायचा. माझ्याशी तेवढा बोलायचा नाही. खोटं कशाला सांगू.

पुढे साहेब विलायतेला कायमचा निघाला. जाताना खोगीर विकलंन आणि घोडा ह्यांना देऊन टाकलान, आता बघ म्हणजे, ज्याला खायला लागत नाही ते विकलंन नि ज्याला खायला लागतं ते दिलंन. घोड्याचं नाव मेजर. उंच, हडकुळा, आणि मान संपते तिथे पाठीवर हाड असं वर आलेलं की लोक त्याला उंट म्हणायचे. मला राग यायचा. घोव त्या हाडाला वशिंड म्हणायचा, बैलाचं असतं ना तसं, मस्करीत म्हणायचा, आणि मी ते खरंच धरून चालले, तिथेच सगळी वाट लागली, पण ते पुढे सांगते.

दोन वर्षांनी घोव तापाने गेला. मूलबाळ नाही. एवढ्या बायका मी सोडवल्या, गावातली अर्धी पोरं ह्या हातांवर आली, नि माझ्या घरात पाळणा टांगला नाही. संध्याकाळी दार लोटलं की घरात आवाज कसला, तर मागच्या पडवीत मेजर दाणा चावतोय, तेवढाच. मी पण मग बोलायला लागले त्याच्याशी. आज अमकीला मुलगी झाली रे, सासूचं तोंड बघायला हवं होतंस. तो कान हलवायचा. घोव का बोलत बसायचा त्याच्याशी ते मला तेव्हा कळलं, उशिरा कळलं.

घोड्यावर बसायला लागले ते गरजेपोटी. तेव्हा इथे बस कुठली, एरंगळ, भाटी, आक्सा, सगळीकडून बोलावणं यायचं, वाळूतून चालून माझ्या गुडघ्यांचा भुगा व्हायचा. नऊवारी लुगडं, कासोटा घट्ट मारला की घोड्यावर बसायला काय अडचण? लोक हसले चार दिवस. मग तीच माणसं दारात उभी, बाय, लवकर चल, घोडा काढ.

पण बसायचं कशावर? खोगीर गेलेलं. मी बैलाच्या घरातली पोर, माझं डोकं बैलाचं. आमच्याकडे जू जिथे घासतं तिथे बाप गोणपाटाची जाड घडी घालायचा. म्हटलं, इथे पण वशिंड आहे ना, मग तिथेच जाड घालूया. गोधडीची चौपदरी घडी नेमकी त्या हाडावर टाकली, दोरीने आवळली नि महिनाभर हिंडले. एक दिवस खरारा करताना हात लावला तर मेजरने अंग थरथरवलं. बघते तर हाडावर केस गेलेले, कातडी लाल, मधे ओलं. काय सांगू तुला, मला माझीच लाज वाटली.

मालाडहून महिन्यातून एकदा एक नालबंद चाचा यायचे, घोड्यांना नाल ठोकायला. त्यांनी बघितलं नि कपाळावर हात मारलानी. बाई, ये बैल नहीं है. ह्याला वशिंड नसतं, हे नुसतं हाड आहे, वर कातडी, बाकी काही नाही. ह्याच्यावर जाड घालाल तेवढं जास्त दाबेल. जखम हाडापर्यंत गेली तर घोडा संपला समजा. आता एक महिना बसायचं नाही, आणि गादी नीट करता येत नसेल तर घोडा विकून टाका, टांगेवाले घेतील. मी म्हटलं, विकणार नाही. ते बोलले, मग बसू पण नका. आता नुसता बांधून ठेवायचा तर त्याला दाणा कुठून घालू? मी बसले, फिरले, तरच दोघांची पोटं भरणार. म्हणजे गादी जमली तर मेजर राहणार, नाहीतर जाणार, एवढं सरळ होतं ते.

महिनाभर चालले. कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुवायची, हळद लावायची. बरी झाली तशी मालाडला गादीवाल्याकडे जाऊन कापसाची गादी भरून आणली. काय झकास गादी, मऊ, जो येईल तो दाबून बघायचा, म्हणायचा, बाय, ही तू झोपायला घे. मला वाटलं, मऊ म्हणजे सुखाची. पंधरा दिवसांत घामाने कापूस बसला, गोळे झाले, नि गादी परत त्या हाडावर टेकली. चाचा आले नि हसले, बोलले, ही नुसती खोगीरभरती. लागलं मला ते. पण मग खाली बसून त्यांनी वाळूत बोटाने काढून दाखवलंनी. दोन्ही अंगांना लांब, कडक वळकट्या, भार त्यांच्यावर, आणि मधे कणा नि हाड मोकळं. भरायचं काय ते सोपं आहे बाई, कुठे भरायचं नाही ते बघा. माणूस वर बसल्यावर गादी नि हाड ह्यांच्यामधे तीन बोटं गेली पाहिजेत.

तीन बोटं. अगो, आयुष्यभर मी तेच मोजत आले. बाई अडली की वाट किती उघडली ते बोटांनीच बघतात ना, दोन बोटं, तीन बोटं, अजून वेळ आहे, आता कळ दे. म्हटलं, हे मला जमणार.

घोवाचं घोंगडं होतं पेटीत. तीन दिवस पेटी उघडत होते नि बंद करत होते. चौथ्या दिवशी कापलं. लोकर कापसासारखी बसत नाही, घट्ट वळकट्या केल्या, जाड कापडावर दोन बाजूंना टाकल्या, मधे मुठीएवढं रुंद मोकळं ठेवलं. पोटाखालून घ्यायला पट्टा लावला. मेजरवर ठेवली, खाली उभं राहून हात घातला, चार बोटं गेली. पण मी वर नव्हते ना. मी वर बसले तर खाली वाकून बघणार कोण? वर बसून पुढे वाकले की भार पुढे जातो, माप चुकतं. तांदळाची गोण ठेवून बघितली, ती घसरून पडली. चाचांना सांगायचं तर परक्या पुरुषाला माझ्या मांडीपाशी हात घालायला कशी सांगू? अर्ध्या गावातली पोरं माझ्या हातची, नि मी घोड्यावर बसले तर खाली उभं राहायला एक माणूस नाही. त्या दिवशी मला घोव गेला त्या दिवसापेक्षा जास्त एकटं वाटलं.

शेजारी फिलूबाय होती, किरिस्तावांची, कुडाच्या कुंपणापलीकडे. पण आमचं बोलणं बंद. तिच्या मुलीचे, मार्थाचे, पहिल्या खेपेचे दिवस भरले तेव्हा मला न बोलावता तिला मालाडच्या इस्पितळात नेलंन. माझे हात काय झडले होते? मी तोंडावर विचारलं. ती पण बोलली काहीतरी. वर्ष झालं होतं. विहिरीवर एक आली की दुसरी कळशी उचलायची.

गोण पडली तेव्हा ती कुडावर कपडे वाळत घालत होती. हसली नाही. नुसती बघत राहिली. आणि मी, कशी कोण जाणे, बोलून गेले, फिलूबाय, जरा येतेस गो?

आली. घोड्याला भयंकर घाबरायची, दोन हात लांब उभी, गळ्यातला क्रूस मुठीत. मी वर बसले. म्हटलं, इथे पुढून हात घाल, किती बोटं जातात सांग. तिने डोळे मिटून हात घातलान. दोन जातात, तिसरं अडकतं. उतरले. ती बोलली, दे इकडे, तुझे टाके पोत्याचे आहेत. तिथेच पायरीवर बसून वळकटी उसवलीन, अजून घट्ट केलीन, शिवलीन. परत बसले. परत दोन. परत उतरले. तिसऱ्यांदा तिने हात घातलान नि बोलली, तीन गेली गो, आरामात गेली.

बाय, मी किती बायकांना म्हटलं असेन ते, तीन बोटं झाली, आता घाबरू नकोस. मला कोणी म्हटलं नव्हतं कधी. मी घोड्यावर बसल्या बसल्या रडायला लागले. ती खालून ओरडली, रडतेस काय, घोडा हलेल, माझा हात आत आहे! आणि मग हळूच बोलली, मार्थाच्या वेळी मी घाबरले होते गो, तुझ्या हातावर विश्वास नव्हता असं नव्हतं. तिचा हात अजून तिथेच, गादीखाली.

त्या गादीवर मेजर सहा वर्षं फिरला. परत केस गेले नाहीत त्याचे. आता बस येते, बायका इस्पितळात जातात, बरंच आहे ते, मी कशाला वाईट म्हणू. मेजर गेला, मागे माडाखाली पुरलाय. फिलूबाय मार्थाकडे वसईला गेली, ह्या नाताळात आली नाही. गादी ही बघ, खुंटीला. कधी कधी काढून मांडीवर घेते नि मधल्या मोकळ्या जागेत हात घालून बसते. तीन बोटं जातात अजून.

तू लिहितेस ना हे, लिही. आणि ऐक, मी काही देणार नाही तुला, आशीर्वाद तेवढा घे. तू वर बसशील तेव्हा खाली उभं राहून, बरोबर आहे गो, म्हणणारं माणूस तुला असू दे. आणि भांडण झालं असेल कोणाशी, तर कुडावरून हाक मार. वर्ष घालवू नकोस माझ्यासारखं.