समोरची टीम

प्रेमला : नाई मॅडम, मी नाई जाणार. आधी मले सांगा, माह्या पोरीचं नाव काहून नाही त्या लिस्टमध्ये. पंडरी बाजारातलं दुकान सोडून आली मी. गिऱ्हाइकाची साडी मशीनवर तशीच आहे, अर्धा फॉल लावलेली.

शर्मिष्ठा : ताई, आधी बसा. पूलच्या या पायरीवर बसा. अनु, आईला पाणी दे.

अनुश्री : मम्मी, घर चलो ना. प्लीज.

प्रेमला : तू चूप बस. सरलाताईनं फोन केला मले. आमची पोट्टी नॅशनलले चालली, म्हणे, अन् तुमच्या अनूले मॅचमधून बाहेर काढलं, काय झालं वो? आता मी काय सांगू तिले? आई असून मलेच माहीत नाही.

शर्मिष्ठा : खरं आहे ते. आज सिलेक्शनची मॅच होती. पहिल्याच क्वार्टरमध्ये रेफरीनं हिला बाहेर काढलं, पूर्ण मॅचसाठी. खेळलीच नाही तर निवडणार कसं?

प्रेमला : अन् तुम्ही पाहत राहिल्या? सातवीत होती तेव्हा तुमच्या हवाली केली मी पोरगी. थंडी पाह्यली नाही, ताप पाह्यला नाही. बोट मोडलं, नाकातून रक्त आलं, मी एक शब्द बोलली का? माह्या सख्ख्या भावाच्या लग्नाले गोंदियाले आली नाही ही, काय तर प्रॅक्टिस आहे. शंकर नगरच्या बाया म्हणत, पोरीचा रंग पाहा, केस पाहा, कोण करन हिले? मी त्याइची तोंडं बंद केली. अन् आज कोणाच्या तरी वशिल्याची घुसवायची होती म्हणून माह्या पोरीले बाहेर काढता?

शर्मिष्ठा : वशिला नाही ताई, आपल्या वॉटर पोलोत वशिला लावायला येतं कोण? माझ्या हातात असतं तर पहिलं नाव हिचं लिहिलं असतं. हिच्यासारखी डिफेंडर माझ्याकडे दुसरी नाही. पाण्यात एकदा समोरचीला धरलं की ती बिचारी बॉल विसरून आईला हाका मारते.

प्रेमला : मंग?

शर्मिष्ठा : मग हिलाच विचारा.

अनुश्री : मॅडम, रहने दीजिए ना.

शर्मिष्ठा : का राहू द्यायचं? घरीपण लपवणार का तू? ताई, या खेळात पोरी एकमेकींना धरतात, ओढतात, ढकलतात. म्हणून अंगाला काही लावून उतरायचं नसतं. क्रीम नाही, तेल नाही. लावलं की समोरचीचा हात निसटतो, आणि त्याला चीटिंग म्हणतात. समोरच्या पोरीनं ओरडून सांगितलं की हिला धरताच येत नाही. रेफरीनं हिच्या दंडावर अंगठा फिरवला. अंगठा चकाकला. मॅचच्या आधी दिसलं असतं तर पुसून ये म्हणाले असते. सुरू झाल्यावर सापडलं की ती पोरगी बाहेर.

प्रेमला : तेल?

शर्मिष्ठा : हो, तेल. पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. मी सगळ्यांसमोर विचारलं, कोणी लावलं? तर ही मान वर करून म्हणते, मी. मग माझंही डोकं फिरलं. नको ते बोलले मी हिला. बेईमान म्हणाले.

प्रेमला : कोणतं तेल होतं?

अनुश्री : मम्मी, चलो. बस निकल जाएगी.

प्रेमला : थांब. मॅडम, वास कसा होता त्याले?

शर्मिष्ठा : वासाचं काय घेऊन बसलात? लसणाचा होता. ओव्याचापण असेल.

प्रेमला : माय वो.

अनुश्री : कुछ नहीं मॅडम, मैंने ही लगाया था.

प्रेमला : खोटं नको बोलू. मॅडम, मी लावलं. हिनं नाही, मी. दुपारी मी दुकानातून जेवायले घरी आली, तं ही पडली होती. झोपेत कण्हून राहिली होती. खांदा ठणकत होता हिचा कालपासून, अन् अंग तं सारं उललेलं, त्या पाण्यानं अन् थंडीनं. मले पाहवलं नाही. तिळाचं तेल कोमट केलं, लसूण-ओवा टाकला, अन् चोळून दिलं खांद्याले, हाताले, पाठीले. हिची झोपबी मोडू दिली नाही. आमच्यात असंच आहे, मॅडम. लेकराचं काही दुखलं की आधी तेल. बाळंतिणीले तेल, पडला-झडला त्याले तेल. माह्या सासऱ्याले शेवटपर्यंत मीच लावत होती.

शर्मिष्ठा : अनु, घरी सांगितलं नव्हतंस तू?

प्रेमला : सांगितलं होतं तिनं. मॅचच्या दिवशी तेल नाही लावायचं, म्हणे. मले वाटलं, केसाचं. ते टोपी घालतात ना कानावाली, ते निसटत असन. म्हणून केसाले नाही लावलं मी. एक थेंब लागू नाही दिला केसाले.

शर्मिष्ठा : ताई.

प्रेमला : मान चोळली तं केस वर धरून ठेवले एका हातानं. इतकी मी शहाणी.

अनुश्री : मम्मी, बस ना.

शर्मिष्ठा : तुला कधी कळलं, अनु?

अनुश्री : उठले तेव्हा वास आला. टाइम नव्हता, पळतच आले. इथे शावरखाली खूप घासलं. साबण नव्हता. सफाईवाल्या दीदीकडे कपडे धुवायची पावडर होती, ती पण लावली. मला वाटलं, गेलं. खरंच वाटलं, मॅडम.

शर्मिष्ठा : म्हणून दंड असे लाल झालेत का तुझे? मला येऊन सांगायचं होतं. मी तुला थोड्या वेळानं उतरवलं असतं.

अनुश्री : तुम्ही विचारलं असतं, कोणी लावलं.

शर्मिष्ठा : मग? सांगायचं, आईनं लावलं.

अनुश्री : सबके सामने? त्या हसल्या असत्या मम्मीवर. मागच्या वेळी मम्मी डब्यात पुरणपोळ्या घेऊन आली तर आठ दिवस चिडवत होत्या मला. आणि मम्मीला समजलं असतं. मग तिनं पुन्हा कधी माझ्या अंगाला हात लावला नसता. मी ओळखते ना तिला.

प्रेमला : मॅडम, चला. मले त्या रेफरीकडं न्या.

शर्मिष्ठा : हरिदास सर केव्हाच गेले. लिस्ट वाचून झाली, वर पाठवूनसुद्धा झाली.

प्रेमला : मंग जिथं पाठवली तिथं जाऊ. हिचे बाबा नवा रायपुरले मंत्रालयातच आहेत, साहेबाची गाडी चालवतात. ते साहेबाले सांगतीन. मी हातापाया पडतो साऱ्यांच्या. पोरीची चूक नाही, आईची आहे, असं मोठ्यानं बोलतो. मले काय लाज त्याची?

शर्मिष्ठा : काही होणार नाही ताई. तेल अंगावर होतं ना, बस. कोणी लावलं हे त्यात कोणी विचारत नाही. मी भांडले सरांशी. हिच्यावर इतकी चिडले होते, तरी भांडले. ते म्हणाले, आज हिला घेतलं तर उद्या सगळ्या तेल लावून येतील.

प्रेमला : बरं, मंग पुढच्या साली? पुढच्या साली मी तुमच्यापाशी आणून सोडीन तिले आदल्या दिवशीच. घरातलं पाणीबी पाजणार नाही.

शर्मिष्ठा : पुढच्या वर्षी ही ज्युनिअरमध्ये बसत नाही. वय निघून जातं. हे शेवटचंच वर्ष होतं.

प्रेमला : अन् मोठ्या पोरींची टीम?

शर्मिष्ठा : ती आपल्या क्लबात उभीच राहत नाही. गोलकीपर धरून सात जणी पाण्यात लागतात, वर बदली पोरी लागतात. मी दरवर्षी जमवायला बघते. कोणाचं लग्न ठरतं, कोणाला बाहेरगावी कॉलेज मिळतं. शेवटी चौघी उरतात, आणि त्यासुद्धा पोहून घरी जातात.

प्रेमला : म्हणजे संपलं.

अनुश्री : हव. संपलं.

शर्मिष्ठा : अनु, इकडे बघ. मी तुला बेईमान म्हणाले. उद्या टीमसमोर सांगते, माझं चुकलं.

अनुश्री : नको मॅडम. मग का चुकलं, तेपण सांगावं लागेल. मम्मीचं नाव निघेल.

शर्मिष्ठा : मग त्या तुला चीटरच समजत राहतील.

अनुश्री : समजू द्या.

शर्मिष्ठा : अजून एक आहे. विचारायला कसंतरीच वाटतंय, आज तर नकोच विचारायला. पण दुसरं कोणी नाही माझ्याकडे. सोमवारपासून निवडलेल्या पोरींचा कॅम्प लागतो. सरावाला समोरची टीम लागते, आणि त्यात धरणारी कोणीतरी घट्ट पाहिजे. नाहीतर नॅशनलला पहिल्याच मॅचमध्ये बुडवतील यांना. तू येशील?

अनुश्री : येईन.

प्रेमला : काय म्हणाली तू?

शर्मिष्ठा : लगेच सांगू नको. घरी जा, विचार कर.

अनुश्री : विचार नाही करायचा मॅडम. सोमवारी येते.

(शर्मिष्ठा मॅडम पूलचं ऑफिस बंद करायला आत जातात. मायलेकी पायरीवरच बसून राहतात.)

प्रेमला : वेडी झाली का तू? ज्या पोट्ट्या तुले चीटर म्हणून राहिल्या, त्याइलेच तयार करून देशील?

अनुश्री : समोर कोणी नसेल तर त्या शिकतील कशा?

प्रेमला : नको शिकू दे. हरू दे साऱ्याइले.

अनुश्री : असं नको ना बोलू. माझीच टीम आहे ती.

प्रेमला : तुही कशाची टीम? तुले काढून टाकलं त्यातून. मी काढून टाकलं, माह्या या हातानं. अनू, बोल ना मले काहीतरी. शिव्या दे. घरी जाऊन भांडी फेक. तू अशी गपचूप बसली ना, तं माहा जीव घाबरते.

अनुश्री : काय बोलू? आला होता राग. पावडरनं घासत होते तेव्हा इतका आला होता की तू समोर असतीस तर काय बोलले असते, माहीत नाही. हातातून वास जातच नव्हता.

प्रेमला : मंग बोल ना आता.

अनुश्री : आता नाही येऊन राहिला. आता फक्त रडायला येतंय, आणि इथे नाही रडायचं मला. त्या सगळ्या अजून बाहेर ऑटोची वाट पाहत आहेत.

प्रेमला : माह्या पदरात तोंड घाल. कोणाले दिसत नाही.

अनुश्री : मम्मी, दुपारी खूप छान झोप लागली होती. खांदा जराही दुखला नाही.

प्रेमला : नको सांगू मले ते.

अनुश्री : खरंच. पाण्यातपण नाही दुखला. मला काढेपर्यंत एकीलाही गोल मारू दिला नाही मी. हात असा सरळ वर जात होता. इतकं चांगलं मी कधीच खेळले नव्हते.

प्रेमला : अनू, माय माही.

अनुश्री : तू पाहायला पाहिजे होतं.

प्रेमला : दुकानातून सुट्टी मागायले पाहिजे होती मी. मले वाटलं, सिलेक्शनच तं आहे, नाव तं येणारच आहे. नॅशनलले जाऊ पाहायले, सारे मिळून.

अनुश्री : हं.

प्रेमला : बरं, जाशील तू कॅम्पले. मी नाही आडवी येणार. पण कॅम्प संपन. त्या बॅगा भरतीन, स्टेशनवर जातीन. तेव्हा तू काय करशील?

अनुश्री : मीपण जाईन. बॉल भरलेली जाळी मोठी असते, ती गाडीत चढवायला कोणीतरी लागतं.

प्रेमला : चढवशील. मंग गाडी सुटन. मंग?

अनुश्री : तेव्हा तू ये, आई. मले एकटीनं घरी नाही येता येणार.