भिंतीबाहेरचा निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दफनभूमी समितीचे प्रमुख माननीय मॅडॉक्स साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, गेली चौतीस वर्षं या खोऱ्यातल्या घराघरांत बारसं, लग्न आणि अखेरचा निरोप पार पाडणाऱ्या, जुन्या निसर्गधर्माच्या पुरोहित, आपल्या ड्रुइड, आदरणीय टेगवेनबाई, आणि माझ्या पेन्त्रे-गॉफकर बंधुभगिनींनो,

मला तीन मिनिटं दिली आहेत. बाई गुडघ्यांपायी भाचीकडे अ‍ॅबरिस्टविथला राहायला निघाल्या आहेत, तेव्हा चार गोड शब्द बोल, असं सांगण्यात आलं. गोड बोलणाऱ्यांची यादी मोठी आहे. मी घडलेलं सांगते.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत माझी मुलगी जन्मली. ती रडली नाही. दाई मान खाली घालून बाहेर गेली. पाद्रीबाबांना निरोप धाडला, तर ते म्हणाले, बाप्तिस्मा जिवंतांचा असतो. माणूस वाईट नव्हता. पण आमच्या लेकीला नावाने हाक मारायला गावात कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा ग्विलिमने, माझ्या नवऱ्याने, टेगवेनबाईंना बोलावलं. मेंढरांच्या वाटेने चिखल तुडवत त्या आल्या. मुरंब्याच्या बरणीत झऱ्याचं पाणी होतं. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, टोपडं सारखं केलं आणि ग्विलिमला विचारलं, "हिला काय म्हणायचं?" ग्विलिमच्या तोंडून शब्द फुटेना. बाई थांबल्या. किती वेळ, म्हणाल? शेगडीतली लाकडं जळून गेली, मी उठून दुसरी घातली, तरी त्या थांबल्याच होत्या. शेवटी तो म्हणाला, "एलुनेद." बाईंनी तिच्या कपाळाला पाणी लावलं आणि तेच नाव तिला तीनदा ऐकवलं. ड्रुइड काय करतो, असं पाहुणे विचारतात ना? हे करतो. बापाला आवाज फुटेपर्यंत बसून राहतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेटी घेऊन दफनभूमीवर गेलो. फाटकात मॅडॉक्स साहेब उभे होते. साहेब, तुम्ही तेव्हा तरुण होता, आवाज खणखणीत होता. तुम्ही म्हणालात, "बाई, तुम्ही बाहेरच थांबायचं. आत फक्त चर्चचा माणूस. आणि जे जन्मलंच नाही, त्याला विधी कसला?"

माझ्या छातीत दूध उतरलं होतं, साहेब. पुढून सगळं पोलकं भिजलं होतं. ते तुम्हाला दिसत होतं.

बाई नुसतं "बरं" म्हणाल्या. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून निरोपाचे शब्द म्हणू लागल्या. वारा उलटा होता. मला अर्धेच ऐकू आले. उरलेले कुठले, ते आजतागायत मी त्यांना विचारलेलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

पुढे मी त्यांच्यावर चिडले. भांडला का नाहीत, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "मी भांडले असते, नेरिस, तर तो दिवस माझा झाला असता. तो तुझ्या लेकीचा होता." थोर उत्तर आहे. मला ते आजही पटलेलं नाही. बाई, राग मानू नका. पण तुमच्या या शहाणपणावर आम्ही सगळे सव्वीस वर्षं आरामात झोपलो.

कारण तो नियम तसाच आहे. गेल्याच महिन्यात आपल्या गावचा इथेल रीस वारला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई भर गारठ्यात, बर्फाळ पावसात, भिंतीबाहेर काठी टेकून त्याला निरोप देत उभ्या होत्या. आत आपण होतो. साहेब, तुम्ही होता. मीही होते, छत्री घेऊन.

आणि आज त्यांना जे मानपत्र द्यायचंय, त्यावर काय लिहिलंय? 'लोककला व पर्यटनातील योगदानाबद्दल.' लोककला? माझ्या लेकीचं बारसं पर्यटन होतं काय? ज्या बाईला आपण फाटकाच्या आत घेतलं नाही, तिला व्यासपीठावर बसवून शाल पांघरवायची, फोटो काढायचा आणि गाडीत बसवून द्यायचं. याला आपण सत्कार म्हणतो.

गेल्या मंगळवारी मी समितीत नियम रद्द करण्याचा ठराव मांडला. चार सदस्यांनी सह्या केल्या. अध्यक्ष म्हणाले, "समारंभ होऊन जाऊ दे, मग बघू." मग म्हणजे कधी? बाईंची गाडी वळणाआड गेल्यावर?

ठराव हा इथे आहे. साहेब, तुमच्यासमोर ठेवते. एकच सही राहिली आहे. पेनही ठेवते.

टेगवेनबाई, या गावाच्या वतीने मी तुमचे आभार मानते. आभार फार तोकडे आहेत, हे जाणून मानते. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात वेळेची मर्यादा ओलांडली, तेवढ्यापुरती क्षमा असावी. बाकी कशाचीही क्षमा मी मागत नाही.

आणि सूत्रसंचालकांना एक विनंती. पुढच्या वक्त्यांना इतक्यात बोलावू नका. सही होईपर्यंत मी या माइकपासून हलणार नाही.