बेकरीवरची जुनी अक्षरं

(नव्या बेकरीची बाहेरची भिंत. भर दुपार. शिडीपाशी पेंटर मामा आणि त्याची डिझायनर भाची.)

मामा : सरक बाजूला. सगळ्यात खरखरीत पॉलिश पेपर आणलाय. आता माझ्याच हातानं माझ्याच कामाची वाट लावतो.

भाची : शिडीवर चढू नकोस मामा.

मामा : का गं? रंग तर रात्रीतच वाळला.

भाची : वाळलाय रे. पण आता घासायचं नाहीये.

मामा : कमाल झाली! पंधरा दिवस तूच माझं डोकं खातेयस. बेकरी नवी, पण नाव जुनं दिसायला हवं. अक्षरं आजोबांच्या काळातली, रंग मात्र आजचे, दोनच. सावली नको, वेलबुट्टी नको. आणि वर सगळं घासून काढायचं, भिंतीनं साठ पावसाळे बघितल्यासारखं.

भाची : हो, मीच म्हणाले होते. डिझाइन तसंच होतं.

मामा : चाळीस वर्षं गिऱ्हाइकं बजावत आली, पेंटर, रंग उडता कामा नये. आता म्हणे उडवून द्या! बरं, मग बिनसलं कुठं?

भाची : तू जेवायला गेलास तेव्हा मालकीणबाई येऊन गेल्या.

मामा : नाक मुरडलं?

भाची : छे, उलट खूश झाल्या. फारच खूश.

मामा : मग तुझा आवाज असा का पडलाय?

भाची : ऊन लागलंय.

मामा : मला शिकवतेस? लहानपणी माझा लाल रंगाचा डबा सांडलास तेव्हा असाच आवाज काढला होतास. बोल, काय म्हणाल्या? जसंच्या तसं सांग.

भाची : म्हणाल्या, छान झालंय. आता हात लावू नका.

मामा : घासलेलंच तर हवं होतं त्यांना. फोटोसुद्धा दाखवला होता मला.

भाची : बदललं असेल मन. चल ना, आधी चहा घेऊ.

मामा : चहा गेला खड्ड्यात. ती पहिल्या अक्षराची उभी रेघ. सरळ आहे ना?

भाची : आहे.

मामा : आणि कड?

भाची : बरी आहे रे.

मामा : बरी? माझ्या रेघेला कुणी बरी म्हटलेलं पहिल्यांदा ऐकतोय.

भाची : मामा, तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी गेला होतास?

मामा : त्याचं इथं काय?

भाची : मामी म्हणाली, चार महिने झाले. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगितलंस तिला.

मामा : वाढलाय की.

भाची : मामा.

मामा : ...मधोमध डाग आलाय. जिथं बघावं नेमकं तिथंच काही नसतं. आता तुझे कान दिसतायत, तोंड नाही. ऑपरेशननं जायचा नाही म्हणाले.

भाची : आणि तरी हे काम घेतलंस!

मामा : दहा वर्षांनी कुणीतरी हातानं लिहायला बोलावलं गं. नाहीतर सगळे मशीनवर कापतात नि चिकटवतात. त्यात तू बोलावलंस. नाही कसं म्हणणार होतो? वाटलं, हाताला सगळं पाठ आहे, डोळे कशाला लागतायत.

भाची : पहिली दोन अक्षरं खरंच छान आली होती, अगदी सुरेख, मी तर म्हणते...

मामा : थाप मारताना तुझी आईपण अशीच भरभर बोलते. रेघ थरथरलीय?

भाची : थोडी.

मामा : रंग बाहेर गेलाय?

भाची : काही ठिकाणी. आणि काही ठिकाणी पोचलाच नाहीये. आतली भिंत दिसतेय.

मामा : म्हणून घासायला नको.

भाची : त्यांनी विचारलं, इतकं हुबेहूब जुनं कसं जमवलं? मी म्हटलं, मामाची खास पद्धत आहे ती.

मामा : बरं सांगितलंस.

भाची : कसलं बरं! मला काल संध्याकाळीच दिसलं होतं सगळं. थांबवायला हवं होतं तुला. तू शिडीवर शीळ घालत होतास रे, इतका खुशीत होतास. माझी हिंमतच झाली नाही.

मामा : रडू नकोस. रस्त्यावर आहोत आपण.

भाची : तू म्हणशील तर आत्ता पांढरा हात मारते त्याच्यावर. बघून घेईन मी मालकीणबाईंचं.

मामा : वेडी आहेस का? त्यांना जुनं हवं होतं, जुनं मिळालं. एकदम अस्सल. घासून केलेल्यात ती मजा नाही.

भाची : नको ना असं बोलू.

मामा : मग कसं बोलू?

भाची : ...कोपऱ्यात तुझं नाव टाकायचंय अजून. त्यांनी आवर्जून सांगितलंय.

मामा : राहू दे.

भाची : अरे, तू आजवर एक बोर्ड नावाशिवाय सोडलेला नाहीस.

मामा : म्हणूनच म्हणतोय, राहू दे. चल, शिडी उचलू. पुढचं टोक तू धर. आणि वाटेत पायरीबियरी आली, तर आधी सांग मला.