अर्पणपत्रिका

कणकवली स्टँडवर मालवणच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची भाची बसली होती.

"फेबी, तुझी कादंबरी वाचलंय गो."

"आवाडली, आंटी?"

"आफ्रिकेतली सोन्याची खाण, पत्र्याची घरां, सगळा माझ्या घोवान, डॅनियलान पत्रात लिवलेला तसाच. पण घोवाक वीख घालणारी बायको खंयसून हाडलंस?"

"रहस्यकथा ती. खुनी शेवटाक सापडाक होयो."

"काल शेजारची मेल्विना घराकडे इली. चाय दिलंय, तर तोंडाक लावूक नाय."

"लोक येडे. ती बाई तू थोडीच?"

"पयल्याच पानार तू छापलंस, 'कार्मेलिना आंटीला, ही गोष्ट तिचीच.'"

"प्रेमान लिवलंय गो."

"डॅनियल दरडीखाली मेलो. खाणीतले खांब कुजलेत म्हणान तेणा तीनदा अर्ज केल्यान. पेटी बंद करूच्या आदी कंपनीन मेलेल्याच्या तोंडात सोना शोधल्यान. ता खंय आसा?"

"ता मी पयला लिवलेला. प्रकाशक म्हणाले, 'कंपनीच खुनी आहे हे सुरुवातीलाच कळतं. पुढे वाचणार कोण?'"

"खरां गो. माका चाळीस वर्सां ठावक आसा. कोणी विचारूक नाय."