शेवयांचा व्हाइस

व्हाइस, म्हंजे वस्तू आवळून धरायचा शिकंजा, कोणालेच उसना देऊ नये गा! महाल भागात आमचं झाळकामाचं दुकान होतं. ऐन लग्नसराईत पार्टनर गंगाधरनं नाजूक वस्तू चेपू नये म्हणून तांब्याच्या पट्ट्या लावलेला बेंच व्हाइस घरी नेला. बायकोले शेवयांची मशीन आवळायची होती.

म्या म्हटलं, "अन् नाजूक काम आलं तं?"

"पाइप व्हाइस आहे ना!"

दुपारीच बँडवाला रामाजी आपला ट्रम्पेट झाळायले घेऊन आला. मी चहा सांगायले गेलो, तेवढ्यात गंगाधरनं तो पाइप व्हाइसमंधी आवळला. लोखंडी पाइप धरणारे दात ते! पितळ पार चेपलं.

रामाजीनं फुंकून पाहिलं. नुसती हवा.

"उद्या वरात आहे गा," म्हणत तो खालीच बसला.

तितक्यात गंगाधरची बायको शेवयांचं ताट घेऊन आली. "घ्या भाऊजी! मशीन जराही हालली नाही. पाहा, कशा बारीक निघाल्या!"