गच्चीची नोटीस

...नाही, तुम्ही खुशाल हसा, पण तुम्हाला सांगतो, माणसाला ड्राफ्टिंग येऊ नये! एक वेळ पत्ते कुटता यावेत, बायकोला लुगडं निवडून देता यावं, पण ड्राफ्टिंग... छे! आमच्या ऑफिसात साहेबाला कोणाला मेमो द्यायचा झाला की हाक कोणाला? यादवरावांना, म्हणजे मला. आणि ज्याला मेमो मिळाला, त्याला खुलासा द्यायचा झाला की तो चहा कोणाला पाजणार? यादवरावांनाच. ऑफिसात चालतं हो, तिथं कागद फायलीत जातो, फाइल कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली हरवते. पण आपण राहतो त्या बिल्डिंगमध्ये?

नाशिकरोडला आमची बारा ब्लॉकची सोसायटी. ब्याऐंशी साली राहायला आलो आणि पहिल्याच मीटिंगला सगळ्यांनी मला सेक्रेटरी करून टाकलं, का, तर ड्राफ्टिंग चांगलं! चेअरमन झाले झुंबरशेठ. मूळचे देवळ्याचे, कांद्याचे व्यापारी, उभा जन्म कांद्याच्या ढिगाशेजारी गेला, पण शहरात ब्लॉक घेतल्यापासून खेड्याचा वाससुद्धा सहन होईना त्यांना. नियमांचा सपाटाच लावला! पुढच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, दारं सगळ्यांची चॉकलेटी, पाहुणा दोन दिवसांच्या वर राहिला तर कमिटीची लेखी परवानगी... अहो, माझी सासू चार दिवस राहायला आली, तर सभासद म्हणून मी अर्ज केला, सेक्रेटरी म्हणून तो दाखल करून घेतला, आणि चेअरमननी विचारलं, ‘‘चार दिवस कशाला?’’ आता याचं उत्तर मला ठाऊक असतं तर!

तर तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये, लंकाबाई. त्यांचे मालक सहादू रेल्वेत होते, ते वारले आणि त्यांच्या फंडातून बाईंनी हा ब्लॉक घेतला. उन्हाळ्यात घरोघरच्या कुरडया-पापडांच्या ऑर्डरी घ्यायच्या, गच्चीवर जुनी धोतरं पसरून वाळवायच्या, त्यावर वर्ष काढायचं. कोणाला त्रास नाही, काही नाही. एक दिवस झुंबरशेठ गच्चीवर गेले आणि तिथूनच माझ्याकडे आले. चिडले की त्यांची देवळ्याकडची भाषा वर यायची. ‘‘यादवराव, ही सोसायटी शे का बाजार समिती? गच्चीला कुलूप घाला आन् बाईला नोटीस काढा.’’

मी म्हटलं, शेठ, पहिल्या मजल्यावरच्या मंगलाबाईंच्या कैऱ्याही असतात की वाळत. तर म्हणाले, कैऱ्यांचं वेगळं आहे. आणि मग आवाज एकदम खाली आणून, ‘‘लंकाबाईच्या भिंतीवर तसबीर कोणाची शे, पाहिली ना? कळतंय ना तुम्हाला?’’

पाहिली होती. बुद्धाची. आणि कळलं मला. तुम्हालाही कळलं ना? बघा, असलं आपल्याला किती पटकन कळतं! त्याच वेळी उठून ‘जमणार नाही’ म्हणायला हवं होतं. मी काय केलं? पेनाचं टोपण काढलं.

आणि काय लिहिलं म्हणता! ‘आपले सदरहू कृत्य संस्थेच्या प्रतिष्ठेस बाधक असून, ते पंधरा दिवसांत न थांबविल्यास आपले सभासदत्व रद्द करण्यात येईल.’ प्रतिष्ठेस बाधक! मी दोनदा मोठ्यानं वाचलं. खरं सांगतो, मजा आली. आता लाज वाटते, पण तेव्हा आली. आमची सुमन भाजी निवडत होती, तिनं विचारलं, कोणाला हो एवढं? मी म्हटलं, लंकाबाईंना. ती परात घेऊन आत निघून गेली. म्हणून सांगतो, माणसाला ड्राफ्टिंग येऊ नये!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात कोण? लंकाबाई! हातात नोटीस. म्हणाल्या, ‘‘भाऊ, सही तुमची हाय, पण हे शब्द तुमचे नाहीत, मला म्हाईत हाय. शेठनी वकिलाकडून लिहून आणलं आन् तुम्हाला सहीला धरलं. सभासदत्व रद्द म्हंजे घर जातं का हो माझं? मालकांच्या फंडाचं घर हाय ते.’’

आता सांगायला हवं होतं की नाही? ‘बाई, शब्द माझेच.’ तीन शब्द, त्यात ड्राफ्टिंगचीही गरज नाही! पण म्हणालो काय, तर बसा, आपण याला उत्तर देऊ.

मग मी सोसायटीचं नियमांचं पुस्तक जन्मात पहिल्यांदा वाचलं. सेक्रेटरी मी, वर्षभर नियम काढणारा मी, आणि पुस्तकाची पानंसुद्धा कापलेली नव्हती! वाचतो तर काय, गच्ची सगळ्या सभासदांची, कमिटीला परस्पर कुलूप घालता येत नाही, नवा नियम करायचा तर सर्वसाधारण सभा हवी, रजिस्ट्रारची मंजुरी हवी. आमच्या चॉकलेटी दारांपासून माझ्या सासूपर्यंत सगळंच बेकायदेशीर! असं झणझणीत उत्तर लिहिलं आणि बाईंनी ते स्टेशनजवळून टाइप करून आणलं.

कमिटीत ते वाचून दाखवायला कोण? मीच. वाचता वाचता माझाच ऊर भरून आला. झुंबरशेठ घाम पुसत म्हणाले, बाईनं नाशिकचा मोठा वकील धरलेला दिसतो. आणि मग माझ्याकडे वळून, ‘‘पण यादवराव, तुमच्यापुढं कसला टिकतो तो? हाणा.’’

आणि मी हाणलं हो! कसं सांगू... इथंच तर माझं पाप आहे. पहिली नोटीस भिडेपोटी काढली म्हणा, पण ही? माझ्या उत्तरातली कच्ची जागा मला ठाऊक होती ना! संस्थेच्या हिताविरुद्ध वागणाऱ्या सभासदाला काढून टाकता येतं, सभेनं ठरवलं तर. नेमकं तेच कलम काढलं आणि सभेची तारीख टाकून पाठवलं. बाई पुन्हा माझ्याकडे. या वेळी रडत. पुन्हा मी उत्तर लिहिलं. सुमन म्हणाली, एका हातानं गळा दाबताय आणि दुसऱ्या हातानं पाणी पाजताय, जरा तरी लाज धरा. धरली होती हो. पण मुद्दे फार चांगले सुचत होते!

रविवारी सकाळी सभा. जागा? गच्ची! बारा घरांना बसायला दुसरी जागाच नाही, त्यामुळे शेठनी घातलेलं कुलूप काढून, सतरंजी टाकून, गच्ची बंद ठेवण्यासाठी आम्ही सगळे गच्चीवर. झुंबरशेठनी ठराव मांडला आणि बाईंना म्हणाले, तुमचा तो वकील कुठं आहे, बोलवा त्याला.

लंकाबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘‘वकील कुठला आणू? ह्या यादवभाऊंनी लिहून दिलं. चेअरमनला न भिता लिहून दिलं.’’ आणि माझ्याकडे बघून हात जोडले.

बारा घरांची तोंडं माझ्याकडे. झुंबरशेठ हळूच म्हणाले, ‘‘आन् मग मला कोणी लिहून दिलं?’’

आता पळणार कुठं? गच्चीला जिना एकच, आणि जिन्यात सुमन बसलेली. म्हटलं, तेही मीच. दोन्ही नोटिसा माझ्या, दोन्ही उत्तरं माझी, आणि त्यातली उत्तरं खरी आहेत, नोटिसा खोट्या आहेत. बाईंची गच्ची बाईंचीही आहे.

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, आणि हसण्यात ठराव पडला. झुंबरशेठनी किल्ली सतरंजीवर टाकली आणि खाली निघून गेले. लोक माझी पाठ थोपटायला लागले, वा यादवराव, काय डोकं! पण लंकाबाई हसल्या नव्हत्या. सगळे गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या, हातात पहिली नोटीस, घडी पडून पडून फाटायला आलेली.

‘‘प्रतिष्ठेस बाधक... हे पण तुमचंच?’’

मी मान हलवली.

‘‘उत्तरं चांगली होती, भाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण नोटीस जास्त मनापासून लिहिली होती तुम्ही.’’

तीन वर्षं झाली या गोष्टीला. समोरासमोर राहतो, त्या गच्चीवर जाताना दारावरून जातात, बोलतातही दोन शब्द. आणि मी, अख्ख्या ऑफिसचे खुलासे लिहिणारा माणूस, तुम्हाला सांगतो, त्या एका वाक्याला उत्तर लिहायला बसतो, पहिल्या ओळीत ‘महोदया’ लिहितो आणि पुढं काही सुचत नाही.